बाळंतविड्यात नसलेले वस्त्र

आपल्याकडे बाळंतपणाच्या तयारीची एक पक्की, पिढ्यानपिढ्या चालत आलेली यादी असते. सातव्या महिन्यापासून डिंक, खारीक, हळीव, बाळंतशेपा यांची जमवाजमव सुरू होते. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली जातात, शेकासाठी शेगडी माळ्यावरून खाली येते आणि बाळंतिणीचे पोट बांधायला मऊ पट्टा बाजूला काढून ठेवला जातो. माझे सासर साताऱ्याचे आणि माहेर सांगलीचे. पहिल्या बाळंतपणासाठी २०२३ च्या अधिक श्रावणात मी माहेरी होते, तेव्हा दोन्ही घरांतील याद्या मला जवळून पाहायला मिळाल्या. जावयाच्या धोंड्याच्या वाणापासून बाळाच्या कुंचीपर्यंत त्यांत सारे काही होते. बाळाचे पहिले सहा महिने ज्या अवयवावर अवलंबून असतात, त्याला आधार देणारे एक साधे वस्त्र मात्र कोणत्याही यादीत नव्हते. ते विसरले गेले असेही म्हणता येणार नाही. कारण विसरण्यासाठी ती गोष्ट आधी कोणी तरी बोलून दाखवावी लागते.

हे वस्त्र म्हणजे स्तनपानाच्या काळात वापरायची ब्रा. दुकानात तिला ‘फीडिंग ब्रा’ म्हणतात. तिची कटोरी वरच्या बाजूला, पट्ट्यापाशी हुकाने अडकवलेली असते. तो हुक काढला की कटोरी खाली येते आणि बाकीचे वस्त्र न उतरवता बाळाला अंगावर घेता येते. रचना एवढीच. परंतु ते अंगाला नीट बसते की नाही, यावर बाळंतिणीचे पहिले दीड-दोन महिने सुखाचे जाणार की कण्हत जाणार, हे पुष्कळ अंशी ठरते. नीट बसणारी ब्रा मिळवणे ही चैनीची अथवा नटण्याची बाब नसून आरोग्याची बाब आहे, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

प्रथम शरीरात काय घडते ते पाहू. गर्भारपणात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी वाढू लागतात आणि स्तनांचा आकार बदलतो. वाढत्या गर्भाला जागा करून देताना बरगड्यांचा घेरही रुंदावतो. प्रसूतीनंतर पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दूध एकाएकी वाढते, स्तनांकडे रक्तपुरवठाही वाढतो आणि छाती दाटते. ती इतकी की, हात लावला तरी कळ यावी. पुढे बाळाची मागणी आणि आईचा पुरवठा यांचा मेळ बसतो आणि साधारण सहा आठवड्यांत हा ताण उतरून आकार स्थिरावू लागतो. त्याच काळात बरगड्यांचा घेरही हळूहळू पूर्ववत होतो. म्हणजे तीन-चार महिन्यांच्या अवधीत एकाच स्त्रीचे माप दोन-तीन वेळा बदलते. लग्नातल्या ब्लाऊजचे माप घेऊन या काळातले वस्त्र आणता येणार नाही, हे यावरून सहज ध्यानात यावे.

दाटलेल्या छातीवर एकाच जागी सतत दाब पडत राहिला, तर तेथील सूज वाढते, दुधाचा प्रवाह मंदावतो आणि गाठ धरते. वेळीच लक्ष दिले नाही, तर त्या जागी लाली येते, अंग मोडून ताप भरतो. याला स्तनदाह म्हणतात. त्याला इतर कारणेही असतात. बाळाने नीट न धरणे आणि पाजण्याच्या वेळा चुकणे ही त्यांतील मुख्य. परंतु चुकीच्या मापाची ब्रा हे टाळता येण्याजोगे कारण आहे, म्हणूनच ते सांगण्यासारखे आहे.

माझी मुलगी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जन्मली. १ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. रुग्णालयाच्या भिंतीवर त्याची चित्रे लावलेली होती: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर वरच्या आहाराबरोबर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान. जागतिक आरोग्य संघटनेची ही शिफारस मला तोंडपाठ होती. ती पाळायची तर रोज आठ-दहा वेळा, रात्री-अपरात्रीसुद्धा, पाजायला बसावे लागते. त्या वेळी अंगात काय घालावे, हे मात्र त्या चित्रांत नव्हते.

प्रसूतीच्या आधी पंधरा दिवस आई आणि मी सांगलीच्या कापड पेठेत फीडिंग ब्रा घ्यायला गेलो होतो. दुकान जुने, गिऱ्हाइकाची उठबस चांगली. काउंटरमागे दोन पुरुष आणि समोर पाच-सहा गिऱ्हाइके. ‘फीडिंगची दाखवा’ हे आईने इतक्या खाली आवाजात सांगितले की, तिला ते दोनदा म्हणावे लागले. ‘नंबर?’ एवढाच प्रश्न आला. ‘एरवी ३४ लागतो,’ मी म्हणाले. ‘मग ३८ घेऊन जा ताई, बाळंतपणात सैलच बरं,’ असे म्हणत त्यांनी खोक्यातून दोन नग काढले आणि काळ्या पिशवीत घालून दिले. कटोरीचे माप त्यांनी विचारले नाही. खोक्यावर ‘बी’ छापलेले होते आणि दुकानात तेवढेच उपलब्ध होते. घालून पाहायला जागा नव्हती, आणि आतले कपडे बदलून मिळणार नाहीत, अशी पाटी समोरच लावलेली होती.

ते वस्त्र खरोखरच सैल होते. पाठीवरचा पट्टा दिवसभरात वर सरके. त्यामुळे पुढची बाजू खाली ओघळे आणि सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येई. पट्टे आवळले की, कटोरीची बाजूची कड काखेखालच्या भागात रुते. अकराव्या दिवशी नेमक्या त्याच जागी गाठ आली आणि संध्याकाळी ताप भरला. दुसऱ्या दिवशी बारसे होते. आजीने पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या आणि मी खोलीत कूस न बदलता पडून होते. बाळाला त्या बाजूला घेताना डोळ्यांत पाणी येई. आता वरचे दूध सुरू करावे का, हा विचार त्या रात्री मनात येऊन गेला. कितीतरी बाळंतिणींचे स्तनपान अशाच एखाद्या रात्री थांबत असेल.

सकाळी डॉक्टरबाईंनी तपासले. त्यांनी आधी कातडीवर उमटलेला वळ पाहिला आणि मग अंगातली ब्रा पाहायला मागितली. ‘गाठ धरायला हा दाबही कारण असू शकतो,’ त्या म्हणाल्या. पाजणे थांबवायचे नाही, गाठ जोराने चोळायची नाही, पाजून झाल्यावर थंड घडी ठेवायची, विश्रांती घ्यायची आणि चोवीस तासांत ताप उतरला नाही तर लगेच यायचे, असे त्यांनी बजावले. आईने शेगडीच्या शेकाबद्दल विचारले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘कमरेला द्या, काकू. सुजलेल्या छातीला नको.’ शेवटी त्यांनी विचारले, ‘हिचं माप कोणी घेतलंय का?’ कोणीच घेतले नव्हते.

घरी परतल्यावर आईने शिवणाच्या डब्यातली टेप काढली. परिचारिकेने सांगितल्याप्रमाणे दोन मापे घेतली. पहिले स्तनांच्या लगेच खाली, बरगड्यांभोवती, टेप अंगाला घट्ट पण काचणार नाही अशी धरून: साडेतेहेतीस इंच. दुसरे स्तनांच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप सैल आणि जमिनीला समांतर धरून: अडतीस इंच. पहिल्या मापाच्या जवळचा सम आकडा ३४, हा पट्ट्याचा नंबर. दुसऱ्या मापातून तो वजा केला की उरतात चार इंच, आणि त्यावरून कटोरीचे अक्षर ठरते. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी. म्हणजे माझे माप ३४ डी.

येथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. कटोरीचे अक्षर स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. ते पट्ट्याच्या आकड्यासोबतच वाचायचे असते. ३४ डी, ३६ सी आणि ३८ बी या तिन्हींच्या कटोरीत जवळपास सारखेच मावते. फरक असतो तो पट्ट्यात. म्हणूनच ज्या दुकानात फक्त ‘बी’ कटोरी मिळते, तेथे मोठ्या छातीच्या स्त्रीला मोठा पट्टा देऊन वेळ मारून नेली जाते. कटोरी भरते, पण पट्टा चार इंच सैल राहतो. आणि या वस्त्राचा भार पेलण्याचे मुख्य काम पट्ट्याने करायचे असते, खांद्यांनी नव्हे. पट्टा सैल म्हणजे वस्त्र सुखाचे, ही समजूत म्हणूनच उलटी आहे. सैल पट्टाच अखेरीस कुठेतरी रुततो.

आजी हे सारे पाटावर बसून पाहत होती. ती तासगावकडची, वय चौऱ्याऐंशी. ‘आमच्या चोळीला कसला आलाय नंबर!’ ती म्हणाली. तिची पहिली तिन्ही बाळंतपणे नऊवारी लुगडे आणि खणाची चोळी यांत झाली. ती चोळी पुढे गाठ मारायची. छाती दाटली की गाठ सैल, दूध ओसरले की गाठ आवळ; पाजताना गाठ सोडायची आणि पदर ओढून घ्यायचा. गुळेदगुड्डचा खण घरी आणून प्रत्येकीच्या अंगाच्या मापाने ती शिवली जाई. त्या वस्त्राला आकडा नव्हता, कारण ते रोज नव्याने अंगाला जुळवून घेतले जात असे. आजीने एवढेही प्रांजळपणे सांगितले की, त्या चोळीतही दूध दाटायचे आणि गाठी व्हायच्या. ‘पण आम्ही कुणाला सांगणार?’

मला तिच्या बोलण्यात एक मोठे सूत्र दिसले. पूर्वी वस्त्र अंगावरून बेतले जाई. आता अंगाने तयार वस्त्रात बसावे अशी अपेक्षा असते. आधुनिक ब्राचे एक मूळ पेटंट अमेरिकेत १९१४ मध्ये मेरी फेल्प्स जेकब या तरुणीला मिळाले, आणि कटोरीला अक्षरे देण्याची पद्धत तर १९३० च्या दशकात रूढ होऊ लागली. ही सगळी व्यवस्था शंभर-सव्वाशे वर्षांची. ती आपल्याकडे आली तेव्हा वस्त्र आले, आकडे आले, मात्र माप घेण्याची रीत दुकानापर्यंत पोहोचलीच नाही. ब्लाऊजच्या मापासाठी आपण निःसंकोचपणे शिंप्यासमोर उभ्या राहतो, ‘कटोरी ब्लाऊज’ शिवून घेतो, आणि आतल्या वस्त्राची गोष्ट निघाली की अंदाजावर समाधान मानतो.

मापाचा कागद हाती आला, तरी सांगलीत त्या दोन दिवसांत ३४ डी मापाची फीडिंग ब्रा काही मिळाली नाही. आईने साताऱ्याला फोन केला. सासूबाई मुळात मितभाषी. अशा विषयावर आम्ही दोघी कधी बोललो नव्हतो. मी संकोचत ‘आई, एक माप सांगते,’ म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘सांग, लिहून घेते.’ दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मोती चौकातून खण आळीकडे गेल्या. तेथे एक मावशी स्त्रियांच्या आतल्या कपड्यांचे लहानसे दुकान चालवतात आणि पडद्याआड टेपने माप घेतात, हे त्यांनी शेजारणीकडून विचारून काढले होते. चिठ्ठी वाचून मावशींनी विचारले, ‘बाळ किती दिवसांचं? शेवटच्या हुकात बसतंय का बघून कळवा. नाही बसलं तर बदलून देईन.’ रविवारी माझे यजमान सकाळच्या एस. टी.ने निघाले. कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा असा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास करून ते दोन साध्या, पांढऱ्या सुती ब्रा घेऊन आले. त्या वेळेपर्यंत ताप उतरला होता. गाठ आणखी तीन दिवसांत विरली. सासूबाईंची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. एका बाजूला भाजीची यादी आणि दुसऱ्या बाजूला सुवाच्य अक्षरात ‘३४ डी, सुती, तार नको’.

त्या मावशींकडून आणि डॉक्टरबाईंकडून जे कळले, ते येथे एकत्र देते. घरात कोणी गर्भवती असेल तर त्याचा उपयोग होईल.

पहिली खरेदी आठवा महिना सरताना करावी, पण एकदोन नगांचीच. तेव्हा बरगड्या रुंदावलेल्या असतात, म्हणून सर्वांत सैल हुकात नीट बसणारा पट्टा निवडावा. पुढे घेर कमी झाला की आतल्या हुकात लावता येतो. दूध आल्यावर वाढ होणार, हे धरून कटोरीत थोडी मोकळीक असावी. दुसरी खरेदी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी, माप पुन्हा घेऊन करावी. माप घेताना छाती अगदी दाटलेली नसावी आणि नुकतीच रिकामीही झालेली नसावी. मधली वेळ साधावी.

घालून पाहताना पट्टा पाठीवर सरळ, पुढच्या बाजूच्या रेषेत राहतो का, ते पाहावे. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, मूठ जाऊ नये. हात वर केले तरी वस्त्र जागचे हलू नये. कटोरीच्या कडेने अंग बाहेर येत असेल, तर कटोरी लहान आहे. कापडाला चुण्या पडत असतील, तर ती मोठी आहे. दूध शोषणारी घडी किंवा पॅड आत ठेवून पाहावे, कारण त्यालाही जागा लागते. तार नसलेलीच ब्रा घ्यावी, कारण दाटलेल्या छातीवर तारेचा दाब नेमका एका रेषेत पडतो. कटोरी उघडल्यावर राहणारी कापडाची चौकट स्तनाला खालून आधार देणारी पण न आवळणारी हवी. आणि शेवटची परीक्षा: एका हातात उशी धरून दुसऱ्या हाताने हुक काढून पुन्हा लावून पाहावा. रडणारे बाळ कुशीत असताना दुसरा हात मोकळा नसतो.

कापड सुती असावे. किमान तीन नग हवेत: एक अंगात, एक धुण्यात, एक वाळत. पावसाळ्यात साताऱ्यात दोन-दोन दिवस कपडे वाळत नाहीत. तेव्हा चौथा असला तर बरे. ओली झालेली घडी लगेच बदलावी, कारण ओलसरपणाने स्तनाग्राची कातडी हुळहुळी होते. रात्री घट्ट ब्रा घालून झोपण्याची गरज नसते. आधार हवासा वाटला तर मऊ, बिनहुकाची पुरते. बाजारची फीडिंग ब्रा परवडत नसेल किंवा मापाची मिळत नसेल, तर ओळखीच्या शिंपीणबाईंकडून पुढे हुक असलेली सुती चोळी मापाने शिवून घ्यावी. चुकीच्या मापाच्या महागड्या ब्रापेक्षा ती केव्हाही चांगली.

या वस्त्राचा खरा कस घराबाहेर लागतो. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने मिळणारी २६ आठवड्यांची रजा संपल्यावर मी साताऱ्यात ग्रंथालयातल्या माझ्या कामावर रुजू झाले. सुट्टीत मुलीला घेऊन सांगलीला जाणे-येणे चालू होतेच. एस. टी. महामंडळाने अनेक बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ ठेवले आहेत. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने अंधारात कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. त्या कक्षाला तिचे नाव दिले, हे फार योग्य झाले. पण कक्ष गाठण्याआधी, चालत्या गाडीत, खिडकीकडे तोंड करून पदराआड बाळाला घ्यावे लागते, तेव्हा एका हाताने सुटणारा तो लहानसा हुकच कामी येतो.

हिरकणीचे कौतुक आपण भरभरून करतो. आईच्या त्यागावर आपल्याकडे बोलले जाते तितके आईच्या सोयीवर बोलले जात नाही. अंगावरचे दूध कमी पडू नये म्हणून हळिवाची खीर देणारी, शतावरी आणणारी, तिखट खाऊ न देणारी घरे मी दोन्ही गावांत पाहिली आहेत. त्या मायेत खोट नाही. मात्र दूध पाजताना तिला दुखते का, हे विचारायला त्याच घरांत शब्द सापडत नाहीत. आमच्या घरात तो शब्द एका मापाच्या चिठ्ठीने मिळवून दिला. आता सासूबाई शेजारच्या सुनेला सातवा महिना लागला की स्वतःहून टेप घेऊन जातात.

बाळंतविडा म्हणून आपण झबली, टोपडी, दुपटी नेतो. बाळाला ती चार महिन्यांत आखूड होतात आणि घरात त्यांचा ढीग साचतो. जवळच्या नात्यातल्या स्त्रीने त्यासोबत आईसाठी मापाची एक फीडिंग ब्रा न्यावी, किंवा नुसते माप घेऊन द्यावे. माप घ्यायला पैसेही पडत नाहीत. आणि जिला स्वतःच दुकानात जायचे आहे, तिने काउंटरपाशी एकच आकडा सांगून थांबू नये. आकडा आणि अक्षर, दोन्ही स्पष्ट आवाजात सांगावे. ते माप दुकानात नसेल, तर ‘मागवून द्या, थांबते’ असे म्हणावे. चार जणींनी असे म्हटले की, पाचवीसाठी ते माप फळीवर येऊन बसलेले असते.